डॉसवाले सर आणि शहागडची फाइल

डॉसवाले सर कुणाला सुखासुखी एंटर दाबू द्यायचे नाहीत. वडीगोद्रीला हायवेलगत, टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा डॉसचा, म्हणजे माउस यायच्या आधीच्या काळातला, कॉम्प्युटर क्लास होता. कमांड टाइप करायची, बोट वर उचलायचं आणि एंटर दाबल्यावर काय होणार ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगायचं. "काय होईल ते आधी सांग, मंग दाब." माझा बराचसा अभ्यासक्रम बोट हवेत धरूनच पुरा झाला. पुढे त्याच बोटाला पुण्यात नोकरी लागली आणि ते मोकाट सुटलं.

सरांची दुसरी खोड म्हणजे बाईंचं टायपिंग. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, दवाखान्यात नर्स. लस टोचायला गावोगाव फिरायच्या. टोचलेलं पोर भोकाड पसरायचं, त्याची आई पाळणा गाऊन त्याला निजवायची आणि बाई तो पाळणा केसपेपरच्या पाठीवर उतरवून घ्यायच्या. क्लास सुटल्यावर सर ते मराठीत टाइप करत बसायचे. एका गावाची एक फाइल. पुस्तक काढा म्हटलं, की म्हणायचे, "तिचं फिरणं तर संपू दे."

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. केसपेपर वाळवीनं आधीच खाल्ले होते. जुनं मशीन बंद पडण्याआधी कुणीतरी त्यातलं सगळं एका पेनड्राइव्हवर काढून दिलं होतं, पण डॉसच्या काळातलं ते मराठी सॉफ्टवेअर आताच्या कॉम्प्युटरवर उघडेना. त्यात सरांना काचबिंदू. त्यांचा फोन आला, "दिसून राह्यलं तोवर एकदा वाचायचं हाय रे."

"दोन मिनिटांचं काम आहे, सर." माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांचा पाया याच वाक्यानं घातला गेला आहे.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन सरांच्या क्लासवर गेलो. त्यात इम्युलेटर होता, म्हणजे नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. पेनड्राइव्ह लावला आणि यालाच सी ड्राइव्ह समज, असं इम्युलेटरला सांगितलं.

"आधी कॉपी करून घेतली ना?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

घेतली नव्हती. फोनवर दोन मिनिटं म्हणून बसलो होतो ना.

काळा पडदा आला. सर नाक टेकेल इतके पुढे सरकले. सॉफ्टवेअर सुरू झालं, पण इतकं सुसाट, की एक अक्षर दाबलं तर सात उमटायची. वेग कमी केला. मग मराठीच्या जागी नुसते चौकोन. सर म्हणाले, "फॉन्टची फाइल पैली चालव." चालवली. सरांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याचा भार वाढत चालला होता.

पडद्यावर 'शहागड' उमटलं. खाली पहिला पाळणा. सरांचे ओठ हलायला लागले. पान संपलं, आणि पुढे काहीच नाही.

"चाळीस हाईत यात," सर म्हणाले.

मेमरी कमी ठेवली होती मी. एका पानापुरतंच आत आलं होतं. बंद करून वाढवायची, एवढंच. बाहेर पडताना सॉफ्टवेअरनं विचारलं, सेव्ह करू का?

"थांब, आधी सांग..."

बोट खाली गेलं होतं. वाय, म्हणजे 'हो'.

मेमरी वाढवून पुन्हा फाइल उघडली. एकच पान. अर्धवट आत आलेलं मी मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं.

"बरं," सर म्हणाले, "कॉपीतून घे."

खालच्या दुकानात कुणीतरी टायर ठोकत होतं.

"कॉपी न्हाई, सर."

मला वाटलं, आता उठून कानाखाली देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. पुसलेलं परत आणायच्या जेवढ्या युक्त्या मला ठाऊक होत्या तेवढ्या करून झाल्या, तोवर ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"राह्यलेल्या गावांची कॉपी कर," शेवटी म्हणाले. "माझ्यासमोर."

केली. मग मंठा उघडलं, वडीगोद्री उघडलं, एकेक करून सगळी गावं. सगळी धडधाकट होती. सरांनी एकही वाचलं नाही. पायात चपला घातल्या. "गाडी काढ."

शहागडला गोदावरीच्या अंगाला धनगरांची चार घरं आहेत. एक म्हातारी मेंढरांपाशी बसली होती. सरांना बघून ती त्यांच्या मागे कुणाला तरी शोधायला लागली.

"बाई न्हाई आल्या?"

"बाई गेल्या, आक्का. दोन वर्सं झाली."

तिनं पदरात हात गुंडाळले. "माझ्या तिन्ही लेकरांना त्यांनीच टोचलं."

"तुमचे पाळणे लिहून घेतल्ते त्यांनी. या इंजिनियरनं पुसून टाकले. म्हणून आलोत."

आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जमीन दुभंगायला ती वेळ अगदी योग्य होती.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर हे कशाला आले असते इकडं?"

सर त्या दिवसात पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. मग खिशातला पेन माझ्या हातात दिला. आक्कांनी घोंगडी सारखी केली, मांडीवर लेकरू नसताना मांडी हलवायला घेतली आणि पहिली ओळ धरली.