चिरीनोच्या दुखवट्याची ग्रानिता

माझ्या सासूबाईंनी, व्हेनेरिनाबाईंनी, सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं अबोला धरला तो साखरेवरून. जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही. साखरेवरून.

माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्यांनी लिंबाची ग्रानिता, म्हणजे बर्फाचा आंबटगोड चुरा, केली होती. धाकट्या बहिणीने, सारीनामावशींनी, पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि पाद्रीबाबांच्या देखत म्हणाल्या, "ताई, छान झालीय हं. साखर जरा पुढे आलीय." झालं! आमच्या एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी बाईच्या चारित्र्यावर बोललेलं एक वेळ खपतं, ग्रानितेवर बोललेलं नाही. सासूबाईंनी तिथल्या तिथे शपथ घेतली, "आता हिच्या घरात कोणी मेलं तरच मी हिचा जिना चढेन."

करायला काय, लिंबं, पाणी आणि साखर. एवढ्याशा भांडवलावर माणूस किती तोरा मिरवू शकतो हे बघायचं असेल तर आमच्या स्वयंपाकघरात यावं. साल किसून पाण्यात मुरवायची, पण खालचा पांढरा भाग आला की कडू. साखर कमी पडली की दगड होतो, जास्त झाली की धड गोठत नाही. मग पसरट भांडं फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं, म्हणजे बर्फाचा बारीक, ओलसर चुरा होतो. हे खरवडणं लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे. मी कातानियाची, शहरातली, म्हणून साखरेचं माप मला सांगत नाहीत. माझं मनगट मात्र चालतं.

अबोला पाळायचा म्हणजे तरी किती! मावशी चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसल्या, किती वाळल्या, खोकतात का, सगळी बित्तंबातमी सासूबाईंकडे असायची. आणि कोणी मावशींचं नाव काढलं की "कोण सारीना?" म्हणून मान फिरवायच्या. शेवटी गावाने त्यांच्यापुढे तो विषयच बंद केला. बाईचा जीव बहिणीसाठी तुटत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण शपथच अशी घेऊन ठेवली होती, की समेटासाठी प्रेत लागणार होतं.

ते जुलैत मिळालं.

दुपारी बाजारातून सासूबाई धापा टाकत आल्या. चर्चच्या भिंतीवर काळ्या चौकटीचा कागद लागला होता: चिरीनो पाताने, वय एकाहत्तर, शोकाकुल पत्नी आणि मुलं.

"सारीनाचा नवरा गेला गं!" त्या खुर्चीत बसल्या आणि खरंखुरं रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लिंबं काढ."

आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. जवळच्यांनी जेवण पोहोचवायचं, आणि उन्हाळ्यात सकाळी ग्रानिता आणि ब्रिओश पाव. हा मान सख्ख्या बहिणीचा.

"आई, चिरीनोकाका तर सत्तरचे," मी म्हटलं.

"छापणाऱ्याने वर्ष वाढवलं असेल. तू खरवड."

मी खरवडलं. दुपारभर, संध्याकाळभर. सासूबाई रडत होत्या आणि मध्येच डोळे पुसून "कोपरे राहिले" म्हणत होत्या.

सकाळी आम्ही दोघी काळे कपडे घालून निघालो. मावशींच्या दारावर दुखवट्याची काळी पट्टी नव्हती. मी तसं म्हटलं.

"सारीनाला कधी काही वेळेवर जमलंय?" असं म्हणून सासूबाई जिना चढल्या.

दार चिरीनोकाकांनी उघडलं. अंगात बनियन, अर्ध्या गालाला साबण.

दुसरी कोणी बेशुद्ध पडली असती. सासूबाई कडाडल्या, "तू इथे काय करतोयस?"

"दाढी," काका म्हणाले. "माझंच घर आहे हे."

आतून मावशी आल्या. त्यांनी काळे कपडे पाहिले, माझ्या हातातले पाव पाहिले, बहिणीच्या कुशीतलं घाम सुटलेलं भांडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"ताई, स्टेशनमागचा चिरीनो गेला. याचा चुलतभाऊ. खोकल्या चिरीनो."

आता यात सासूबाईंचा तरी काय दोष? आमच्याकडे प्रत्येक मुलगा आपल्या थोरल्याला आजोबांचंच नाव ठेवतो. म्हातारबुवा चिरीनोंना चार मुलगे, म्हणून गावात चिरीनो पाताने चार: एक खोकल्या, एक लांब्या, एक कांद्या, म्हणजे आमचे हे काका, आणि एक नुसताच. भिंतीवरच्या कागदावर टोपणनावं छापत नाहीत. मेलेल्याचा मान राखतात, जिवंतांचे हाल झाले तरी चालतं.

"म्हणजे ही माझ्या दुखवट्याची?" काकांनी भांड्यात डोकावून पाहिलं, साबण पुसला, चमचा आणला आणि खायला बसले. "मेल्यावर मला कोण देतंय?"

सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. शपथ तर मोडली, आणि तीही फुकट. त्या मागे वळायच्या बेतात आहेत हे मला दिसलं.

"हा गेला असं वाटलं, म्हणून आलीस?" मावशींनी विचारलं.

"नको येऊ? चूल बंद ठेवून उपाशी बसली असतीस. तुला कोणी घातलं असतं?"

"आणि मीच गेले असते तर?"

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता आणखी अकरा वर्षं.

"तू गेलीस तर दुखवटा माझ्या घरी गं, गाढवे!" त्या ओरडल्या. "मला कोण आणून भरवणार?"

मावशींनी पावाचा तुकडा तोडला, ग्रानितेत बुडवला आणि बहिणीच्या तोंडापुढे धरला. "मेल्यावर मला जमायचं नाही, ताई. आत्ताच खा."

माझ्या सासूबाईंनी, ज्यांच्याकडे प्रत्येक घासावर एक शेरा तयार असतो, तोंड उघडलं आणि काही न बोलता खाल्लं.