व्याह्यांचा जॅक

माझ्या व्याह्यांइतका सावकाश, इतक्या निष्ठेनं आणि इतक्या लोकांना वैताग आणून जॅक विकत घेणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा नाही. बाहेर कुठं असलाच, तर त्याच्या घरच्यांना माझी सहानुभूती कळवा. माझ्या सुनेचे हे वडील. राहणार आमच्याच शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, जन्म गेला रेल्वेच्या स्टोअरमध्ये. तिथं तपासल्याशिवाय त्यांनी एक बोल्टसुद्धा आत घेतला नाही, आणि निवृत्तीनंतर ती सवय पेन्शनसोबत घरी आली. भाजीवाल्याची वांगी ते अशी न्याहाळतात की तो बिचारा आपणहून दोन बाजूला काढतो.

माझा मुलगा आणि सून नोकरीमुळे कांकेरच्या पुढे जंगलातल्या एका गावात राहतात. शेवटचा रस्ता म्हणजे मुरूम आणि खड्डे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेकीला आणायला व्याह्यांनी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी, उंच जीप घेतली. जुन्या मालकानं जीप दिली, पण जॅक ठेवून घेतला. तिथून आम्हा सगळ्यांचे दिवस फिरले. सातवा महिना अर्ध्यावर आलेला, आठव्यात प्रवास करायचा नाही असं डॉक्टरीणबाईंपासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांनी बजावलेलं, आणि व्याही मात्र रोज सकाळी उठून गुढियारीच्या बाजारात जॅक पाहायला जात.

एकदा मीही गेलो. सगळं गिऱ्हाईक विचारतं, जॅक किती उंच जातो? व्याह्यांनी विचारलं, किती खाली बसतो? दुकानदाराला प्रश्नच कळेना. "अहो, टायर बसला की एक्सल बी खाली येते ना? मंग हा घुसन कुठून?" असं मला म्हणत त्यांनी समोरच्या गाडीच्या चाकातली हवा सोडली. गाडी दुकानदाराची होती. "बाबूजी, जैक लेना है कि मेरी गाड़ी बैठानी है?" तो ओरडला, पण व्याही रस्त्यावर आडवे होऊन पट्टीनं माप घेत होते. जॅक खरंच आत गेला नाही. दुकानदारानं मुकाट्यानं दुसरा काढला.

लांब दांड्याचा उंच जॅक त्यांनी गल्लीतच आजमावला. दांडा सटकून त्यांच्या हनुवटीजवळून गेला. "हा जॅक नाही, भांडखोर माणूस आहे," म्हणून तो परत गेला. बाटलीसारखा एक आणला, तो भार घेऊन हळूहळू खाली बसतो का हे पाहायला दिवाणाच्या एका पायाखाली लावला आणि वर व्याहीणबाईंना दुपारची झोप घ्यायला सांगितलं. दर पंधरा मिनिटांनी माप. "तुमचे व्याही मले झोपू देऊन नाही राहिले," अशी तक्रार माझ्याकडं फोनवर आली.

शेवटी मुलाचा बाप म्हणून रागावण्याचा हक्क मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. समता कॉलनीतल्या माझ्या घरून तडक त्यांच्याकडं गेलो आणि म्हणालो, "जॅक मरू द्या, पोरीला आणा!" ते शांतपणे म्हणाले, "काहून रागावता, व्याहीबुवा? झालं ना. पायता का?" दोन टप्प्यांचा, बुटका, तरी उंच चढणारा जॅक, मऊ जमिनीत रुतू नये म्हणून खाली ठेवायला सालवृक्षाच्या लाकडाची जाड फळी. आठवा लागायला चार दिवस होते.

मीही सोबत गेलो. जाताना जीप व्यवस्थित धावली, येताना मात्र बैलगाडीलाही संकोच वाटावा अशी. पोरगी मागं उशांच्या मधे. जीपमध्ये घडीची खुर्ची, छत्री, पाण्याचा माठ. हे कशाला, मी विचारलं. "चाक बदलताना तिले खाली उतरवा लागन ना. उभी थोडीच ठेवतो?" दर थोड्या वेळानं थांबून ते चारही टायर अंगठ्यानं दाबत आणि पुन्हा जीपमध्ये चढताना आरशात एकदा तिच्याकडं पाहत. मी महिनाभर नातवासाठी दिवस मोजत होतो. या माणसाच्या डोक्यात नातू अजून आलाच नव्हता, तिथं फक्त त्याची लेक भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी होती. मला माझ्या रागावण्याची लाज वाटली.

दिवेलागणीच्या आधी ब्राह्मणपाऱ्यात पोचलो. एकही पंक्चर नाही. व्याहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. सून वडिलांना हसत म्हणाली, "पापा, जैक तो लगा ही नहीं."

"म्हणून तं नेला होता, बेटा," ते म्हणाले, आणि टायर पाहायच्या निमित्तानं जीपच्या मागं गेले. बराच वेळ आले नाहीत. मी जाऊन पाहिलं, तर टायरला टेकून खाली बसले होते, आणि हात इतके थरथरत होते की चष्मा पुसता येत नव्हता. मी तो चष्मा घेतला, माझ्या सदऱ्याला पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.