आधी पैसे की आधी माल

बाबांचा घसा कापला त्या वर्षी मी रत्नागिरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. बाबा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. होड्या लागल्या की टोपल्या जेटीवर मांडल्या जायच्या, आणि बर्फाच्या मशीनचा खडखडाट, कावळे, बायकांची भांडणं या सगळ्यांच्या वरून त्यांचा आवाज जायचा. त्याच आवाजावर आमचं घर चाललं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, गळ्याच्या खाली श्वासासाठी एक भोक ठेवलं आणि म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, आता काळजी नाही.

घरी आल्यावर बाबा पाटीवर लिहू लागले. चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे अक्षरं मोठी आणि वेलांट्या चुकलेल्या. मी वाचायचे, उत्तर द्यायचे. पण आईला वाचता येत नव्हतं. मी शाळेत गेले की घरात दोन माणसं दिवसभर समोरासमोर असायची आणि एकमेकांना काही सांगू शकायची नाहीत. पाणी हवं, पंखा बंद कर, एवढं खुणेनं जमायचं. त्यापलीकडचं सगळं मी येईपर्यंत थांबायचं. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच बाबा पाटी पुढे करायचे आणि आई विचारायची, "काय म्हणतात गो?" नवराबायकोच्या बोलण्यात मुलीनं मध्ये असणं मला नको होतं. त्यांनाही नको होतं. काही गोष्टी बाबा लिहायचे आणि मी वाचायच्या आत पुसून टाकायचे.

इस्पितळात पेशंटांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक यंत्र दाखवलं होतं. टॉर्चएवढं, गळ्याला लावून बटण दाबायचं, ओठ हलवायचे की बोलणं उमटतं. बाबांनी ते तिथे एकदा लावून पाहिलं होतं. पण विकायला त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून मी एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून शोधलं. एका वेबसाइटवर ते होतं, इतर ठिकाणांपेक्षा स्वस्त. फोटोत एक म्हातारा ते गळ्याला लावून हसत होता. खाली मुंबईचा फोन नंबर.

मला व्हीपीनं मागवायचं होतं. पोस्टमन पार्सल आणतो, आपण पैसे मोजतो, पार्सल घेतो. आमच्याकडे रेडिओचे सुटे भाग, पुस्तकं, सगळं तसंच यायचं. पण फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, इम्पोर्टेड माल आहे. व्हीपीला कंपनी देत नाही. तुम्ही खात्यात भरा, दुसऱ्या दिवशी माल निघाला समजा. वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं हो. माझ्या काकांचंही हेच झालं होतं."

आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे चाचा राहायचे. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. अर्धं आयुष्य मस्कतला नोकरी करून परत आलेले. त्यांनी माझ्या हातातला खातेक्रमांकाचा कागद पाहिला आणि म्हणाले, "कंपनी म्हणतोय, मग खातं एका माणसाच्या नावावर कसं? बाय, हे भरू नको. एकदा भरलेस की ते पैसे तुझे नव्हेत."

बाबा पडवीत बसून ऐकत होते. त्यांनी मला परत फोन लावायला लावला आणि रिसीव्हर स्वतःच्या कानाशी धरला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला, मग मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा ऐकतायत, तुम्ही बोला." तो बोलला. बराच वेळ. बाबा डोळे मिटून ऐकत होते. लिलावात उभे असताना ते असेच ऐकायचे. बोली लावणारा खरंच माल उचलणार आहे की नुसता भाव चढवतोय, हे त्यांना आवाजावरून कळायचं आणि त्यात ते सहसा चुकत नसत. रिसीव्हर ठेवून त्यांनी लिहिलं, "माणूस खरा आहे."

चाचा म्हणाले, "अरे, गोड बोलतो म्हणून खरा?"

बाबांनी पाटी पुसली आणि इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. "माझा पैसा. माझा गळा."

मी बँकेत जाऊन पैसे भरले.

पहिल्या आठवड्यात तो माणूस फोन उचलायचा. कुरियर अडकलंय म्हणाला. मग कस्टममध्ये कागद अडकलेत म्हणाला. मग नुसती रिंग वाजायला लागली, आणि एके दिवशी बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला की हा क्रमांक अस्तित्वात नाही. वेबसाइट मात्र त्यानंतरही बरेच दिवस दिसत होती. म्हातारा हसत होता.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः जाऊन भरलेत ना? कोणी हिसकावले नाहीत. आता हा माणूस मुंबईत, की दिल्लीत, की कुठे, मी इथून कसा शोधू?" बँकेतल्या साहेबांनी सांगितलं की पैसे त्या खात्यातून केव्हाच काढले गेलेत, याहून जास्त काही त्यांना सांगता येणार नाही. दोघंही माझ्याशी नीट वागले. त्यामुळे भांडायलाही कोणी उरलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, "कान पण गेला," आणि ती कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर ते लिहीनासेच झाले. सकाळी जेटीकडे चक्कर मारायचे, ती बंद झाली. मागल्या दारी फणसाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि गळ्यावरचा फडका सारखा करत राहायचे. मी शाळेतून आले तरी मान वर करत नसत. चाचा आले की डोळे मिटून घ्यायचे. चाचांनी कधी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, पण बाबांना त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

शेवटी आईच चाचांकडे गेली. मला न सांगता, पदर खोचून, गडगा ओलांडून. "तुमच्या त्या कार्डावर मागवा," म्हणाली. "तुमच्या मुलाला तुम्ही घड्याळ मागवलंत तसं."

चाचांकडे परदेशातल्या मुलाशी बोलायला घेतलेला कॉम्प्युटर होता आणि बँकेचं क्रेडिट कार्ड. मला त्यांनी आधी सगळं समजावलं. मी मास्तरीण, पण पैशाच्या या वाटा मला ठाऊक नव्हत्या. "कार्डाचे पैसे आज माझ्या खिशातून जात नाहीत. महिन्याचं बिल येतं. तोवर माल नाही आला, की बँकेला लिहून द्यायचं, हा व्यवहार मला मान्य नाही. मग बँक त्या दुकानदाराच्या मागे लागते. खात्यात भरलेल्या पैशांच्या मागे असं कोणी लागत नाही." मी म्हटलं, सायबरमध्ये जाऊन करू या, तिथे लाइन वेगवान आहे. ते खेकसले. "तिथे कार्ड काढायचं नाही. मागे कोण उभा आहे कळत नाही, नि ते मशीन काय लक्षात ठेवतं तेही कळत नाही."

या वेळी वेबसाइट दुसऱ्या दुकानाची होती, आणि मी आधी इस्पितळातल्या बाईंना फोन करून ते दुकान खरंच आहे का ते विचारून घेतलं. त्यांच्या दोन पेशंटांनी तिथूनच घेतलं होतं. मग चाचांच्या घरी आम्ही बसलो. कार्डाचा नंबर टाकायच्या पानावर कुलुपाचं चित्र आहे का, हे चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लावून पाहिलं. मध्येच लाइन तुटली. पैसे गेले की नाही कळेना. मी पुन्हा बटण दाबायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. आधी बँकेला फोन करून विचारलं. गेले नव्हते. मग पुन्हा सगळं भरलं.

पार्सल आलं. बाबांनी त्याला हात लावला नाही. ते टेबलावर पडून राहिलं, आणि एका दुपारी, मी वह्या तपासत असताना, मागल्या दारी भुंग्यासारखी घरघर ऐकू आली. ऑपरेशननंतर दिलेल्या रेडिएशननं त्यांची मान लाकडासारखी कडक झाली होती, तिथून आवाज आत जात नव्हता. ते हनुवटीखाली, जबड्याला, गालाला लावून पाहत होते. गालाला लावल्यावर शब्द फुटला. आई विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. बाबा तिला म्हणाले, "जेवलीस?"

आईनं कळशी खाली ठेवली आणि आत निघून गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

"हे त्यांचं बोलणं नव्हे गो," ती म्हणाली. "डब्यात कोणीतरी बसलाय."

खरंच तसं होतं. चढ नाही, उतार नाही. राग, लाड, चौकशी, सगळं एकाच सुरात. बाबांनी ते ऐकलं असणार, कारण नंतर काही दिवस यंत्र पुन्हा टेबलावर होतं. मग हळूहळू दोघं बोलू लागली. मी घरात आले की थांबायची.

एकदा चाचा त्यांना जेटीवर घेऊन गेले. नव्या पुकारणाऱ्यानं मान म्हणून एक टोपली बाबांच्या पुढ्यात सरकवली. बाबांनी यंत्र गालाला लावलं आणि भाव सांगितला. कोणाला ऐकूच गेला नाही. बर्फाचं मशीन चालू होतं. लोक वाकून वाकून कान देत होते, पुन्हा सांगा म्हणत होते, आणि टोपली तशीच राहिली. ते परत आले ते पुन्हा बंदराकडे गेले नाहीत.

पुढच्या वर्षी छातीत नवी गाठ सापडली. गाठ पूर्ण निघाली म्हणणाऱ्या डॉक्टरांनी या वेळी आम्हाला घरीच न्यायला सांगितलं. शेवटी शेवटी बाबांच्या हाताला यंत्र पेलवेना, तेव्हा आई ते धरायची. गालावरची नेमकी जागा तिला पाठ झाली होती. ती बटण दाबायची, ते ओठ हलवायचे. मी दारात उभी असायचे आणि मला एक अक्षर कळत नसे. आई मात्र मान डोलवायची, मध्येच म्हणायची, "हो, ते मी बघते."

बाबा गेल्यानंतर सावर्ड्याहून एक बाई आमच्याकडे आली. तिच्या नवऱ्याचं तेच ऑपरेशन झालं होतं, इस्पितळातल्या बाईंनी आमचा पत्ता दिला होता. तिनं पर्समधून बँकेची पावती काढली. पैसे भरून झाले होते. फोन लागत नव्हता. एका माणसाच्या नावावरचं खातं. नाव वेगळं होतं, पण काकांचंही असंच झालं होतं हे तिलाही सांगितलेलं. ती पावती माझ्यापुढे धरून विचारत होती, "हे येईल का हो कधी?"

मी नाही म्हटलं. तेवढं एका वाक्यात सांगून टाकणंच बरं, असं मला वाटलं. ती रडली नाही, तिनं पावती घडी करून परत ठेवली.

मी आईकडे पाहिलं. बाबांचं यंत्र कपाटात होतं. आई म्हणाली, "ते नाही देणार मी." मग बाईला म्हणाली, "रागावू नको हां. पण ते नाही."

मी तिला चाचांकडे नेलं. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, पाकिटातून कार्ड काढलं. बाईनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. चाचा म्हणाले, "येईल असं मी म्हणत नाही. नाही आलं तर बँकेशी भांडता येईल, एवढंच."

ते आलं. बाईचा फोन आला, आणि तिनं रिसीव्हर नवऱ्याकडे दिला. ती एकसुरी घरघर माझ्या कानात शिरली. मी फोन ठेवला तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"काय म्हणाला?"

"नमस्कार म्हणाला. पुढचं कळलं नाही."

"घाई करत असेल," आई म्हणाली. "त्याला सांग, सावकाश बोल. नि बायकोला सांग, तोंडाकडे बघत ऐक. नुसतं ऐकून कळत नाही ते."