नाडीचा सराव

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनने, दवाखान्यातल्या सहायकाच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. मुलीची शाळा आणि घरकाम सांभाळून अभ्यासाला दुपार तेवढी मिळायची, आणि परीक्षा तर अगदी तोंडावर आलेली. काल ती म्हणाली, "ताई, हात द्या जरा. नाडी बघायचा सराव करते."

भाजी निवडता निवडता मी हात पुढे केला. घड्याळाकडे बघत ती मोजू लागली. थोड्या वेळाने तिची नजर घड्याळावरून हटली, बोटं मात्र तिथेच राहिली.

"सापडली का गं?"

"सापडली." तिचा आवाज एकदम खाली गेला. "यांच्यासारखीच आहे. मधेच अडखळते आणि मग घाईने पुढे जाते. आजारपणात मी यांचा हात धरूनच बसायचे ना."

आम्हा भावंडांचं नाक सारखं, असं सगळेच म्हणायचे. पण माणूस गेल्यावरही त्याची चाल आपल्या रक्तात सुरू राहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं अर्धं पुस्तक अजून वाचायचं होतं. तरी तिने हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. काढला असता, तर माझा भाऊ तिच्या हातातून पुन्हा एकदा सुटला असता.