पाण्यासाठी सोडलेला बोळ

देवगाव रंगारीच्या बाहेर, उताराच्या माळावर मुलींचं वसतिगृह बांधायचं काम मला मिळालं. शहरात, छावणी भागातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी नकाशा केला. सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याचा पुनर्वापर, सगळं त्यात होतं. त्यातल्या एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध आहे का, हे मात्र मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

चुन्याच्या फक्कीनं जागेवर आखणी केली त्या दिवशी खालच्या शेताचे मालक, सत्तरीतले काका, बांधावर येऊन उभे राहिले. पांढऱ्या रेघांकडं बराच वेळ बघून म्हणाले, “मॅडम, इमारत पाण्याच्या वाटंवर बसली की तुमची.”

“इथं ओढा तर नाही, काका.”

“ओढा नाय, पण पाणी जातं. मोठा पाऊस लागला की या, दाखवतो.”

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. वेरूळ ओलांडेपर्यंत धो धो सुरू झाला होता. काका डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन माळावर थांबले होते. “बगा आता,” एवढंच म्हणाले.

सबंध उतारावरून पाण्याचा पातळ पदर सरकत येत होता. माझ्या आखणीच्या मधोमध तो एकवटत होता आणि वरची माती घेऊन खाली धावत होता. घोट्यापर्यंतच्या पाण्यात मी उभी होते, टाचांखालची जमीन सुटत होती. हे सगळं कधीपासून चालत आलेलं, आणि मी त्यात आडवी भिंत घालणार होते! 

नकाशा बदलायचा म्हटल्यावर वसतिगृह बांधून घेणाऱ्या संस्थेचे सचिव वैतागले. मी वाद घातला नाही. पुढच्या पावसात त्यांना माळावर नेलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “बदला.”

मग इमारतीचे दोन भाग केले आणि मधून पाण्याला बोळ सोडला. त्यात दगडी पायऱ्या घातल्या, म्हणजे पाणी दमानं उतरेल आणि खालच्या तळ्यात मुरेल. तळं खणताना निघालेल्या मुरमाच्याच विटा पाडून भिंती उभ्या केल्या. न्हाणीघरांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून निवळून पपईला गेलं. आता एक रेघ हलवली की दुसऱ्या चार हलायच्या. चिडचिड व्हायची आणि मजाही यायची.

मुली राहायला येऊन दोन वर्षं झाली आणि ऐन मे महिन्यात मी तिकडं गेले. काका आधी त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. तळाशी पाणी चमकत होतं. “या दिवसांत कोरडी ठाक असायची,” ते म्हणाले. ते पाणी मुरावं म्हणूनच आम्ही सगळं केलं होतं, तरी मी पुन्हा पुन्हा वाकून बघत राहिले.

वसतिगृहात स्वयंपाकाच्या मावशी बोळातल्या पायरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. मी त्यांच्याशेजारी टेकले आणि दचकलेच. गार वारं अंगावरून जात होतं.

“दुपारी पंखे लावतच नाय आम्ही,” मावशी म्हणाल्या. “तळ्यावरून येतं हे. लई डोकं लावलं मॅडम तुम्ही!”

“मावशी, हे मी नाही केलं,” मी म्हणाले.

त्यांना तो माझा विनय वाटला. पण मी बोळ फक्त पाण्यासाठी सोडला होता. वाऱ्याचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता. परतायला उशीर होत होता, तरी मी तिथंच बसून राहिले.