कलीम पिंजाऱ्याचं नेट

कलीम पिंजाऱ्यानं आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नाही. हा त्याचा मोठेपणा, असं गावातले काही लोक म्हणतात. मी म्हणत नाही. माझी पिठाची चक्की त्याच्या घरासमोर आहे, आणि या स्वभावापायी त्या घरात काय काय झालं ते मी रोज बघत होतो.

त्याचा बाप सईदचाचा गाद्या-रजया भरायचा. खांद्यावर पिंजायची कमान घेऊन गल्लीत यायचा, कोपऱ्यावर थांबून तार छेडायचा आणि उभा राहायचा. हाक मारायची नाही, दारात जायचं नाही. ज्याला गादी भरून घ्यायची असेल तो आपसूक बाहेर येईल. कोणी आलं नाही तर पुढचा कोपरा. पोरवयात कलीम त्याच्यामागं गाठोडं घेऊन फिरला. पुढं पिंजण्याचं काम मशीनवर गेलं, कलीम टीव्हीच्या छत्र्या बसवायला लागला, तीन एकर कोरडवाहूत बीटी कपाशी लावायला लागला, पण बापाची रीत काही त्याच्या अंगातून गेली नाही. भाजीत मीठ कमी असलं तर हा ताट बाजूला सरकवून गप बसायचा. गौसिया, त्याची बायको, ओळखायची आणि मिठाची बरणी त्याच्यापुढं आदळायची.

आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडं, डोंगराच्या खोबणीत. मोबाईलचा सिग्नल आमच्या डोक्यावरून निघून जातो. सरकारी केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली, भिंतीवर पेटी बसली, पेटीला हार घातला, फोटो निघाले. त्यानंतर त्या पेटीचा उपयोग फक्त पालींना झाला.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं वरून हिरवीगार दिसणारी बोंडं आतून खाल्ली, त्या वर्षी गावातली तरणी माणसं बाहेर पडली. कोणी सुरत, कोणी चाकण, कोणी भिवंडी. कलीमनं कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. भिवंडीला एका गोदामात त्याला काम मिळत होतं, पण गौसिया अडून बसली. पोरगी, झेबा, दहावीला जाणार होती; तिची शाळा सोडून गौसिया कुठं हलायला तयार नव्हती. तेव्हा कलीमनं शेवटचा इलाज म्हणून नेट आणायचं काढलं. खामगावात त्याचा मावसभाऊ फहीम इंटरनेटचा धंदा करायचा आणि त्याचा एक टॉवर आमच्या डोंगराच्या माथ्यावर होता. तिथून हवेतून नेट घ्यायचं आणि गावात घरोघर वायरीनं द्यायचं. चाललं तर गावातच राहायचं, नाही चाललं तर एकट्यानं भिवंडी गाठायची, असं नवराबायकोचं ठरलं.

फाल्गुनात शेतं रिकामी होती. कलीमनं छतावर लोखंडी पाइप उभा केला, त्याला टॉवरकडं तोंड करून थाळीएवढं यंत्र बांधलं, आणि पहिल्याच दिवशी नेट लागलं. माझ्या चक्कीत पहिली वायर आली. आठवडाभरात अर्ध्या गल्लीत वायरी गेल्या.

पण सगळ्यात जास्त कामाला आलं ते जनकाबाईच्या. तिचा मुलगा सहदेव बायकोला घेऊन चाकणला कारखान्यात लागला होता. तिकडंच त्याला मुलगी झाली, सारिका. नात जनकाबाईनं पाहिलेलीच नव्हती. रोज संध्याकाळी ती कलीमच्या ओट्यावर येऊन बसायची, झेबा फोन लावून द्यायची. नात लांब आहे म्हणून जनकाबाई ओरडून बोलायची, तिकडं पोर दचकून भोकाड पसरायची आणि इकडं आम्ही दळण थांबवून हसायचो. कलीम दाराशी उभा राहून बघायचा. त्याला एवढं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

चैत्र लागला आणि नेट अडखळायला लागलं. सारिकाचं तोंड पडद्यावर अर्धं यायचं आणि तिथंच थिजायचं. मग तेही येईना. कलीमनं वायरी बदलल्या, यंत्र फिरवलं, खामगावच्या चकरा मारल्या. फहीम म्हणे, टॉवर ठणठणीत आहे. लोकांनी आपला निकाल लावला. "बीटीवानीच हाय हे," चक्कीवर एक जण म्हणाला, "पह्यल्या वर्षी झकास, मंग अळी."

खरं कारण कलीमला छतावर उभं राहिल्यावर समोरच दिसलं होतं. त्याच्या घराच्या आणि टॉवरच्या मधोमध बौद्ध विहाराच्या अंगणातला पिंपळ उभा होता. जनकाबाईच्या नवऱ्यानं नागपूरहून, दीक्षाभूमीवरून, तेलाच्या डब्यात आणलेलं रोप ते. अख्खी वस्ती त्याला बोधिवृक्ष म्हणते, कोणी त्याचं पानही तोडत नाही. कलीमनं यंत्र बसवलं तेव्हा पिंपळाची पानगळ झालेली होती. फांद्यांतून टॉवर लख्ख दिसत होता. कपाशी उलंगून शेत मोकळं झाल्यावर रिकामा वेळ मिळाला म्हणून त्यानं तेव्हा बसवलं, आणि आता तांबूस पालवी फुटून झाड गच्च भरलं होतं. जन्म पिंपळाखाली गेला, पण ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

हे त्यानं फक्त गौसियाला सांगितलं.

"मंग जाऊन बोला ना त्याईच्याशी," ती म्हणाली.

"त्याईचं देवाचं झाड. मी काय बोलू? फांदी तोडू द्या म्हनू?"

"तोडाचं कोन म्हनते? इचारा तर, काही रस्ता निघते काय म्हनून."

"मी नाई जात. आन माह्या नावानं तूही कोनापाशी काही मांगाचं नाई."

त्यानं पाइप आणखी उंच केला. वाऱ्यानं तो माझ्या पत्र्यावर आणून टाकला. जनकाबाई रोज येऊन विचारायची, "आज लागते काय, कलीम?" आणि हा तिच्या तोंडावर सांगायचा की कंपनीकडून बंद आहे. ती बिचारी फोन पदरात गुंडाळून परत जायची. मग एका सकाळी पहिल्या एसटीनं तो भिवंडीला निघून गेला. जाताना गल्लीत कोणाला बोलला नाही. मला फार राग आला. आम्ही त्याचे कोणीच नव्हतो काय?

आंबेडकर जयंतीच्या दिवशी जनकाबाई बुंदी घेऊन गौसियाकडं गेली आणि बसता बसता तिनं विचारलं, "तुह्या नवऱ्यानं काऊन बंद केलं व बाई?" तेव्हा गौसियाचा बांध फुटला. नवऱ्यानं घातलेली मनाई तिनं चुलीत घातली आणि पालवीपासून एसटीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आवाज चक्कीपर्यंत येत होता. मीही ओट्यावर जाऊन बसलो.

जनकाबाई ऐकतच राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं, झाडाच्या पल्याड विहाराचा स्लॅब हाय ना! तथी बांधा म्हना ते भांडं. याच्यात तोडाचं कायले काम?"

विहार समितीच्या संघपालनं संध्याकाळीच सगळ्यांना विचारलं. नाही म्हणणारं कोणी निघालं नाही. उलट, इतके दिवस सांगितलं का नाही म्हणून त्यांनाच राग आला. फहीमनं माणसं पाठवली, यंत्र विहाराच्या स्लॅबवर गेलं, तिथून गौसियाच्या घरी वायर आली, आणि बुद्ध पौर्णिमेच्या आत नेट सुरू झालं. आता वायर तुटली की गौसिया स्वतः जोडते, चपला खाली काढून स्लॅबवर चढते. लोक तिच्याकडं तक्रारी घेऊन येतात आणि ती त्यांना झापते.

संघपालनं कलीमला फोन करून कळवलं. "बरं झालं," एवढंच तो म्हणाला, आणि पाइप कोणत्या बाजूला बांधला ते विचारलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जनकाबाईचं आटोपलं की झेबा बापाला फोन लावते. गोदामातल्या खोक्यांपुढं बसलेला कलीम पडद्यावर येतो. आजूबाजूच्या गावांत नेट कसं नेता येईल, टॉवर कुठून दिसेल, असलंच बोलत राहतो. त्याला परत यायचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण तो म्हणायचा नाही, गौसियाही म्हणायची नाही. असा अख्खा पावसाळा गेला. मला तर त्या दोघांच्या कानाखाली एकेक द्यावीशी वाटायची.

एका संध्याकाळी जनकाबाईनं झेबाच्या हातातला फोन ओढून घेतला. "काऊन रे, तुले घरी याचं नाई काय?"

"गावात कोनी बोलावलं तर येईन, जनकामाय."

"मी नाई बोलावत," मागून गौसिया म्हणाली. "याचं असंन तर तोंडानं मांगा."

 जनकाबाईनं फोन तसाच धरून ठेवला. नेट त्या दिवशी इतकं साफ होतं की त्याच्या मागचा पंखा फिरताना दिसत होता, आणि ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय त्याला नव्हती.

"गौसिया," तो शेवटी म्हणाला, "मी येऊ काय घरी?"

गौसियानं आधी तोंडाला पदर लावला. "या," म्हणाली, आणि आम्ही सगळे समोर असताना हमसून हमसून रडली.