आमचे हे बघतात

मळवलीच्या आमच्या घराच्या ओट्यावर हल्ली दुपारी एक-दोन मुली तरी येऊन टेकलेल्या असतात. हातात मोबाईल, मोबाईलवर कुठल्यातरी हॉटेलचा नाहीतर रिसॉर्टचा फॉर्म. "मावशी, नोकरी कशी मिळवायची ते सांगा की." मी चौदा वर्षं खंडाळ्याच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते, गेल्या वर्षी घरी बसले. त्यामुळे माझ्याकडे काहीतरी मंत्र असणार, असं त्यांच्या मनानं घेतलंय.

मंत्र कसला डोंबलाचा. पण चार गोष्टी सांगते. शुक्रवार ते सोमवार कुठल्याही हॉटेलची पायरी चढू नका, तेव्हा तिथं कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. मंगळवारी नाहीतर बुधवारी जा, आणि तेही दुपारी साडेतीनच्या पुढं. जुने पाहुणे गेलेले असतात, नवे खोलीत शिरलेले असतात, मॅनेजरनं नुकताच चहा घेतलेला असतो. सपाता घालून जाऊ नका. तिथं पायांकडे आधी बघतात आणि तोंडाकडे नंतर. फॉर्म भरा, पण तो भरून फोनकडे टक लावून बसू नका, स्वतः जाऊन उभ्या राहा. आणि त्याच्याही आधी लाँड्रीच्या टेम्पोवाल्याला विचारा. लोणावळ्यातल्या निम्म्या हॉटेलांच्या चादरी त्याच्या टेम्पोतून जातात-येतात. कुठं माणसं टिकतात, कुठून पळतात, कुठली जागा उद्या रिकामी होणार, हे त्याला त्या हॉटेलच्या मालकाआधी कळतं.

मुली हे सगळं मोबाईलवर टिपून घेतात. मग मी म्हणते, "आणि शेवटचं. 'मी' म्हणायला शिका." यावर त्या एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारीचं काहीतरीच, असं त्यांना वाटत असणार. मग मला मुळापासून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं. त्या निमित्तानं ते घर, ते दिवस, ते माणूस पुन्हा डोळ्यांसमोर येतं.

लग्न होऊन मी आले ती थेट मळवलीजवळच्या एका बंगल्यात. मालकीण म्हणून नाही, केअरटेकरची बायको म्हणून. मागच्या बाजूला आमची एक खोली होती, पुढं मुंबईच्या शेठचा पाच बेडरूमचा बंगला. आमच्या ह्यांना झाडांचं वेड. सकाळी उठले की जे बागेत जायचे ते जेवायलाच यायचे. जास्वंदीला, मोगऱ्याला, कुंपणाच्या मेंदीला त्यांचा हात लागला की झाड कसं मनापासून वाढायचं. बंगल्याच्या आत मात्र ते पाऊलसुद्धा क्वचित टाकायचे.

आतलं सगळं माझ्याकडं होतं. पावसाळ्यात आमच्याकडं कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते, तेव्हा उघडीप मिळाली की दहाच्या दहा गाद्या गच्चीवर काढायच्या आणि ढग आले की धावत आत घ्यायच्या. शनिवारी पाहुणे यायचे त्याआधी पंप, गिझर, इन्व्हर्टर, गॅस, सगळं बघायचं. वायरमनला फोन करायचा, तो आला नाही तर त्याच्या बायकोला फोन करायचा. कुठल्या पाहुण्यांना चहात आलं लागतं, कुणाच्या आजोबांना कमोडजवळ धरायला दांडी लागते, हे ध्यानात ठेवायचं. सतरा वर्षं.

आणि कुणी विचारलं, "बंगला कोण बघतं?" की माझं ठरलेलं उत्तर, "आमचे हे बघतात." शेठनं विचारलं तरी तेच, पाहुण्यांनी कौतुक केलं तरी तेच. खोटं बोलतेय असं कधी मनातही आलं नाही. आमच्याकडच्या सगळ्याच केअरटेकरांच्या बायका तसंच बोलायच्या. नोकरी नवऱ्याची, आपण आपलं हाताशी असतो, असं धरूनच चालायचं. तोंडाला इतकं वळण पडलं होतं की त्यात काही चुकतंय हे मला आरशात बघूनसुद्धा कळलं नसतं.

मग शेठ गेले आणि त्यांच्या मुलांनी बंगला विकून टाकला. नव्या मालकाला तो पाडून तिथं मोठं काहीतरी बांधायचं होतं. "दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा," असा निरोप आला. तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. मुलगी दहावीला होती. जागा मिळाली नाही तर पवन मावळात ह्यांच्या भावांच्या घरी जायचं, आणि तिथून शाळेला यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, त्यातली एक कधी यायची, कधी नाही. म्हणजे पोरीची दहावी हातची जाणार. पुस्तकं पेटीत भरायची का, असं एकदा विचारलं तिनं.

तेव्हाच बंगल्याच्या चादरी नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, "खंडाळ्याला एका हॉटेलात हाउसकीपिंगला सुपरवायझर पायजे. मागं ऱ्हायला खोली हाय. वयनी, तुमी जावा." मुलीनं फॉर्म लिहायला घेतला. "आई, अनुभवापुढं काय लिहू?"

"न्हाई लिही."

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं, नाही. हे दारात बसून खुरप्याला धार लावत होते. त्यांचा हात थांबला.

हॉटेलची मॅनेजर माझ्याच वयाची बाई होती, चष्मा डोक्यावर ठेवायची सवय असलेली. फॉर्म बघून म्हणाली, "अनुभव नाही म्हणता, मग टेम्पोवाल्यानं तुमचं नाव कसं सांगितलं?" मी म्हटलं, पाच बेडरूमच्या बंगल्यावर होतो सतरा वर्षं. "अरे वा. पाच बेडरूम? कोण बघायचं सगळं?"

"आमचे हे."

"पाहुण्यांचं?"

"आमचे हेच बघायचे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हसून म्हणाल्या, "मग ताई, त्यांनाच पाठवा ना उद्या. मला असाच माणूस हवाय."

आता सांगितलं तर मुली कपाळावर हात मारून घेतात. पण त्या दिवशी मी आनंदानं जवळजवळ पळतच स्टेशनवर आले. नोकरी मिळाली! कुणाला का मिळेना, खोली मिळाली, पोरीची दहावी वाचली. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पार उतरला.

"अगं, मला चादर लावाया येत न्हाई."

"मी शिकवते. आन मी असनारच की मागं."

उजेड होता तोवर मी त्यांना बंगल्यात घेऊन गेले. मोठ्या बेडरूममध्ये पलंगावर चादर टाकली आणि कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. मोगऱ्याची कलमं लीलया बांधणारे ते हात चादरीच्या टोकाशी नुसती झटापट करत होते. उशीला अभ्रा घालायला लावला तर उशी आडवी कोंबली. मला हसू आवरेना. तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्या पलंगावर बसले. सतरा वर्षांत आम्ही दोघं त्या पलंगावर कधी टेकलो नव्हतो.

मग ते म्हणाले, "तू बस."

मी बसले.

"सतरा वर्सं समदं तू केलंस आन नाव माझं झालं. शेठ माझ्या पाठीवर थाप मारायचा तवा मला लय ग्वाड लागायचं. मी कदी म्हनलो न्हाई की ही करती म्हनून." खिडकीबाहेर बघत ते बोलत होते. "तितंबी तसंच करायचं म्हंतीस. मला न्हाई जमायचं आता."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आणि ह्यांना आत्ता न्याय सुचतोय! मी तसं म्हणालेही, चांगलं तोडून. त्यांनी ऐकून घेतलं आणि चादरीची घडी घालायचा प्रयत्न केला. तीही वाकडीच झाली.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. मॅनेजरबाईंच्या दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन म्हणाले, "म्याडम, मला निस्ती झाडं कळत्यात. बंगला हिनं बघितला. काल ही बोलली ते सवईनं बोलली, त्यात चूक माजीबी हाय. आज तिला पुन्यांदा इचारा. मी भायेर बसतो." आणि गेले. फाटकाजवळ सिल्व्हर ओक होता, त्याच्याखाली पाठमोरे बसले.

बाईंनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी कालचाच प्रश्न विचारला. "कोण बघायचं बंगला?"

तुम्हाला काय सांगू, 'आमचे हे' अगदी ओठांवर आलं होतं. तोंडात दुसरा शब्दच नव्हता. खिडकीतून ती पाठमोरी टोपी दिसत होती.

"मी," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी पुन्हा विचारलं. "मी," पुन्हा म्हटलं, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. गाद्या मी वाळवायची. वायरमनच्या बायकोला फोन मी करायची. आजोबांसाठी दांडी मी बसवून घेतली. बोलता बोलता मला रडू फुटलं, दुःखाचं नाही, कसलं ते मला अजून सांगता येत नाही. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि फॉर्मवरचा 'नाही' खोडून तिथं स्वतःच्या हातानं लिहिलं, सतरा वर्षं.

त्या खोलीत आम्ही दसऱ्याआधी राहायला गेलो. मुलगी दहावी पास झाली. हॉटेलच्या बागेला माळी नव्हता, तिथं हे कुणी न सांगता खुरपं घेऊन बसले आणि महिन्याभरात त्यांनाही ठेवून घेतलं. मला पाहुण्यांनी शाबासकी दिली की ते लांबून, झाडाआडून बघायचे. शेठच्या थापेपेक्षा ते त्यांना गोड लागत असावं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्याआधी मळवलीला हे घर बांधलं, त्याच्या ओट्यासमोरचा मोगरा त्यांनीच लावलेला. कधी कधी वाटतं, आत्ता हाक येईल, पाणी घातलंस का म्हणून.

परवा एक मुलगी आली होती, बंगल्यावरच काम करणारी, उद्या मुलाखत होती तिची. सगळं ऐकून झाल्यावर निघताना तिनं सहज विचारलं, "मग मावशी, तुमाला ही नोकरी लावली कुनी?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं.

ती खो खो हसली. "बघा, परत तेच! आमाला 'मी' म्हनायला लावता आन तुमी?"

मीही हसले. पण तिला सांगितलं, की बाई गं, बाकी सगळं मीच केलं, ते मी कुणालाही ठणकावून सांगेन. हे एवढं मात्र त्यांनीच केलं.